लुआर साबणाची पाटी

आदेरीतुने फोनवर एवढंच सांगितलं :
व्हिन्याइशच्या पुढे, चेस्टनटची झाडं संपतात तिथं
एका खुराड्यावर चांदणं ठोकलंय.

मी पोर्तुहून पहाटेच निघालो.
या धंद्यात (धंदा कसला, खोड म्हणा)
एक नियम आहे : जे हवंय त्याकडे बघायचं नाही.
म्हणून आधी कोबीची तारीफ केली,
मग कुत्र्याची, मग विहिरीच्या रहाटाची,
आणि अगदी शेवटी, जाता जाता,
"ही पाटी जुनी दिसते," म्हणालो.

झुल्मीरा हसली. तिला चार दात होते
आणि चौघांनाही कळलं होतं मी कशाला आलोय.

निळं एनॅमल, जाड, काठाशी फुगीर.
लुआर साबण. लुआर म्हणजे चांदणं.
दोरीवर चादर वाळत घालणारी बाई,
वर चंद्र,
चंद्राला कुणीतरी छर्रा मारून पाडलेला खळगा
आणि तिथून गंजाचा ओघळ
थेट त्या चादरीपर्यंत.
अशा पाट्या आता किती उरल्यात
ते मला माहीत होतं.
तिला माहीत नव्हतं.
हे मी पुष्कळ दारांत मनाशी म्हटलंय,
दर वेळी घसा थोडा कोरडा पडतो.

"ऐंशी युरो."
"ने," ती म्हणाली. "पण भोकाचं काय?"

"कुठलं भोक?"

"पाटीमागचं. उगाच ठोकली का मी ती?
नवरा डोंगर ओलांडून फ्रान्सला गेला, कागदांशिवाय.
दुकान बसलं.
त्याच हिवाळ्यात इथली फळी कुजली, कोल्हा शिरला,
एका रात्रीत सात.
मग दुकानावरचं चांदणं उतरवलं नि इथं मारलं.
त्यानंतर एकही गेली नाही."

ती आत गेली, आणि हातात ट्राम घेऊन आली.
पत्र्याची, तळहाताएवढी, पिवळी,
खिडक्यांत छापलेले उतारू, सगळे डावीकडे बघणारे.
उलटी केली. पोटात, आतल्या बाजूला,
डोळ्यापासून कल्ल्यापर्यंत एक सार्डिन
आणि तुटका शब्द : तेला–

"एर्मेझिन्दच्या कारखान्यात होते. अकरा वर्षांची.
डब्यांचा टाकाऊ पत्रा यायचा.
जिभली खाचेत घालायची आणि दुमडायची. एकदाच.
उलगडून परत दुमडलीस तर तुटते."
तिने अंगठा दाखवला,
पांढऱ्या रेघा, एकीवर एक.
"दिवसाला चारशे. खेळायला एक नाही.
ही चोरली."

मी तोंड उघडायच्या आत म्हणाली,
"ही नाही."

गावात जाऊन जस्ताचा पत्रा आणला, खिळे आणले.
माप तिने घेतलं, कापला मी.
कडा मात्र तिने स्वतः आत वळवल्या,
कोंबड्यांना लागू नये म्हणून,
एकदाच.

आवळा देऊन कोहळा काढलास,
आदेरीतु रात्री म्हणाला.
मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार.

आता पाटी जेवणघरात आहे.
वहीत नोंद केली.
स्थिती : खिळ्यांची चार भोकं, छर्रा एक,
रंग मूळचा, कुठंही डागडुजी नाही.
मागे डांबर, त्यात रुतलेलं एक तपकिरी पीस.
पीस काढलं तर किंमत वाढेल. काढलेलं नाही.
'आधीचे मालक' या रकान्यात
खूप वेळ पेन धरून बसलो
आणि लिहिलं : कोंबड्या.

परवा बातम्यांत सांगितलं, व्हिन्याइशला बर्फ पडलंय,
रस्ते बंद, कोल्हे वस्तीत उतरतायत.

तो जस्ताचा पत्रा पातळ होता.
दुकानात जाडही होता.
सात युरो महाग.