वरीलप्रमाणे

नारिनमध्ये टायरच्या दुकानाच्या माडीवर
माझे चार संगणक आणि एक हीटर.
तुर्दुबेक-आके आला, तेव्हा पेन-ड्राइव्ह रुमालात बांधलेला,
डोंगरावरून अंडं आणावं तसा.

मुलगी इंचॉनला, पॅकिंगच्या कारखान्यात.
तिनं आधी एक गाणं-फाईल पाठवली होती, एमपीथ्री,
एका रात्रीत उतरली.
कॅसेटवरचा आईचा आवाज, मेंढ्या मोजताना.
यानं ऐकली आणि मुलीला कळवलं,
आवाज तिचाच आहे, पण मागचा वारा कुणी खाल्ला?

खरं होतं ते. एमपीथ्री हिशेबी असते.
माणसाच्या कानाला जे ऐकू येणार नाही असं तिला वाटतं,
ते ती वाटेतच टाकून देते.
तिनं याचा कान पाहिलेला नव्हता.

आता मुलीनं सगळंच पाठवलं होतं, काहीही न टाकता,
पाच तुकड्यांत.
"उघडत नाही," तो म्हणाला, "नुसतं चित्र दिसतं,
पट्टा आवळलेली तीन पुस्तकं."

मी समजावू लागले: गाठोडं आहे हे, आके.
समजा, तुम्ही रोजनिशी लिहिता.
सोमवार: पहाटे उठलो, मेंढ्या सोडल्या, संध्याकाळी मोजल्या, चहा.
मंगळवार: पहाटे उठलो, मेंढ्या सोडल्या,
बुधवारीही तेच.
हे यंत्र सोमवार पुरता लिहितं
आणि पुढे म्हणतं, वरीलप्रमाणे.
गाठ सोडली की प्रत्येक वरीलप्रमाणेला
त्याचा सोमवार परत देतं,
चहाचा एक घोटही कमी न करता.

तो हीटरकडे बघत राहिला.
"माझ्या वहीचं मग एकच पान होईल.
एक पान आणि एक तारीख, अकरा मार्च.
ती कशाप्रमाणेच नाही."

मी माउस हलवत राहिले.
फोटोही होते त्यात. ते काही लहान झाले नव्हते.
पिळलेलं फडकं पुन्हा पिळलं
तर हातच दुखतात.

चौथा तुकडा आजारी निघाला.
बेरीज जुळेना. पडद्यावर लाल अक्षरं.
बाकीचे चार धडधाकट, तरी काही उपयोग नाही,
हे त्याला कसं सांगावं, या विचारात मी,
तर तोच म्हणाला, "तुंदुक नाही आला."

तंबूच्या माथ्यावरचं लाकडी चाक.
भिंतींच्या जाळ्या मिटतात, वासे जुडीत बसतात,
नमदा गुंडाळतो, अख्खं घर दोन उंटांवर चढतं.
पण तुंदुक मिटत नाही, आणि तो मागे राहिला
तर पोचलेल्या कुरणावर
नुसती काठ्यांची आणि लोकरीची रास.
"मला काय शिकवतेस," तो हसला,
"जन्मभर हेच तर उघडलं-मिटलं."

आठ दिवसांनी चौथा तुकडा पुन्हा आला,
रात्री, वीज जायच्या थोडं आधी.
बेरीज जुळली. मी पासवर्ड विचारला.
त्यानं घोडीचं नाव सांगितलं.

वारा होता.
नमद्याची फडफड होती, लांब कुत्रं होतं,
आणि त्यांच्या मधोमध ती,
एकाहत्तर, बहात्तर, त्र्याहत्तर,
मग खोकला, मग कॅसेट संपल्याची खट्.

"चौऱ्याहत्तर होत्या," तो म्हणाला.
मी फाईल पुन्हा तपासली. काहीच सुटलेलं नव्हतं.
"तुझी चूक नाही, पोरी. एक लंगडत होती.
ती माझ्या खांद्यावर होती, दाराबाहेर.
मी आवाज नाही केला,
तिचा आकडा चुकेल म्हणून."

मग चाळीस सोम टेबलावर ठेवून,
रुमाल झटकून त्यानं विचारलं,
"आता हे परत मिटायचं कसं?
घरी नेताना वाटेत ओढा आहे."