कुलपातला ब्रश

पालद्याच्या कारखान्यात, वरच्या मजल्यावर,
तेलाचा वास खुर्च्यांनाही लागलेला.
समोर अकरा जण. वह्या उघड्या, पेनं बंद.
टेबलावर देवासहून परत आलेली
लसूण शेवेची सात पाकिटं,
नरम, खवट, एकात पांढुरकी बुरशी.

कारण लिहा, म्हटलं.
अकराही चिठ्ठ्यांवर एकच नाव आलं: गेंदालाल.
रात्रपाळी, तीन नंबरचं मशीन.
कुणी पुढे ‘निष्काळजी’ जोडलं, कुणी ‘ट्रेनिंग द्या’.
शाकीरने नुसतं नाव लिहून खाली दोन रेघा ओढल्या,
तेरीज जुळल्यासारख्या.

नाव सापडलं की विचारणं थांबतं,
म्हणून नाव फार सोयीचं पडतं.
मी चिठ्ठ्या ड्रॉवरमध्ये टाकल्या
आणि बादली मागवली.

पाकीट पाण्याखाली दाबून धरलं.
काही नाही.
काही नाही.
मग शिवणीच्या डाव्या कोपऱ्यातून
मोहरीएवढा एक बुडबुडा,
त्याच्यामागे दुसरा, कसलीच घाई नसलेला.
तेजल कासलीवाल पुढे वाकली.
पहिल्या पेनाचं टोपण निघालं.

सील का गळतं?
जबड्यात शेवेचा कण अडकतो.
का अडकतो?
दर तासाला झाडायचा, तो झाडला जात नाही.
का?
इथे सगळे गेंदालालकडे बघायला वळले
आणि लक्षात आलं की तो वर्गात नाहीच.
रात्रभर उभ्या माणसाला
सकाळी साडेदहाच्या प्रशिक्षणाला कोण बोलावतं?

बोलावला. मूसाखेडीहून आला, डोळे लाल, केस ओले.
खुर्ची दिली तर टोकावर टेकला.
कसं झाडता, विचारलं.
त्याने वरच्या खिशातून काढलं
सिटी बसचं तिकीट, घड्या घालून कडक केलेलं.
“याने, मॅडम. पण जबडा गरम. लगेच करपतं.”
आणि ब्रश?
“ब्रश कुलपात. चावी पुरोहितजींकडे.
पुरोहितजी सहाला घरी.”

पुरोहितजी आले ते फाईल घेऊनच.
कुलूप का, तर आदेश आहे.
आदेश कुणाचा, तर हा पाहा:
एकोणीस जून, तीन वर्षांपूर्वी,
शेवेत ब्रशचा केस आढळला, सबब
सर्व ब्रश कुलपात ठेवावेत,
मोजून द्यावेत, मोजून घ्यावेत.
खाली सही.

सही वळणदार. ‘निरुपमा’तल्या ‘नि’ची वेलांटी
लांब नेऊन परत आणलेली,
बँकेतली मुलगी लांबूनच ओळखते ती.

आठवला तो दिवस.
मालकांनी कचोरी मागवली होती.
केस सापडला, कुलूप लागलं, फाईल बंद.
केस गळला कशाने, ब्रश जुना होता
की उकळत्या पाण्यात बुडवत होते,
कुणी विचारलं नाही. त्या खोलीत
विचारायचं काम माझं होतं.
आता तो ब्रशही नाही.

बादलीत पाकीट अजून
थांबून थांबून बुडबुडे सोडत होतं.

मी मार्कर उचलला. फळ्यावर
शेवटच्या ‘का’खाली लिहिलं: निरुपमा भा—
“नाही मॅडम,” तेजल मागून म्हणाली,
“नाव लिहून थांबायचं नाही ना?”
उठली, डस्टर घेतलं, अर्धं नाव पुसलं
आणि तिच्या किरट्या अक्षरात लिहिलं:
सहानंतर चावी कुठे असते?
खाली शाकीरने भर घातली:
आदेश काढताना रात्रपाळीला विचारलं होतं का?
मग पुरोहितजी, न सांगता, खुर्ची ओढून बसले
आणि म्हणाले, अजून चार कुलपं आहेत, भिया,
त्यांचंही आजच बघून टाकू.

गेंदालालची मान तोवर छातीवर उतरली होती.
कुणी उठवलं नाही.

साडेबाराला पोहे आले, कागदावर, वाफाळते,
जिरावण, कांदा, वरून आपलीच शेव.
कुणीच काही बोललं नाही.
आधी प्रत्येकाने
शेवेची एक काडी उचलली
आणि कानाजवळ नेऊन मोडली.