थारोळं

धोमच्या पाण्यावर चैत्रात
दुपारी तीनला वारा उठतो.
कमळगडाकडून येतो, वेळ पाळतो,
आमच्या एस.टी.पेक्षा बरा.
त्या वाऱ्यावर पुण्याची पोरं पतंग लावतात,
पायाला फळी, कमरेला आकडा,
आणि काठाला मी, मोटरबोट घेऊन.
पडेल त्याला उचलायचं.
तासाला तीनशे, डिझेल त्यांचं.

वाद दर रविवारी होतो.
मृण्मयी हेल्मेट घालते, निळं, कानांवर भोकं असलेलं.
कौस्तुभ घालत नाही.
म्हणतो, कान झाकले की वारा ऐकू येत नाही,
आपटलं की आत पाणी शिरून मानेला हिसका बसतो,
आणि शेवटी काय, पाणीच तर आहे.
ती म्हणते, फळी पाणी नाही.
दुसऱ्याची फळी तर नाहीच नाही.
कुणी म्हणतं नियम करा,
कुणी म्हणतं रस्त्यावर नियम काय कमी आहेत?
मग सगळे माझ्याकडे बघतात,
जणू मी सरपंच.

मी काय सांगू?
पोवई नाक्यावर मला पाचशेचा दंड झाला
तेव्हा हेल्मेट हँडलला होतं.
हँडल सुखरूप होतं.
लाईफ जॅकेट आहे बोटीत,
त्यावर मी बसतो.

आमचा बाप टोपीशिवाय उंबऱ्याबाहेर पडला नाही.
बोडकं डोकं म्हणजे सुतक, एवढंच ठाऊक.
टोपी डोकं वाचवायला नव्हती,
घरात सगळे जिते आहेत हे गावाला सांगायला होती.

परवाच्या उन्हाळ्यात पाणी फार उतरलं.
कौस्तुभ उडाला, दोन पुरुष उंच,
पतंगानं मध्येच मान टाकली
आणि तो पडला नेमका तिथं,
जिथं पाणी छातीएवढं दिसतं
आणि गुडघ्याएवढंही नसतं.

मी पोचलो तेव्हा लाल रंग हळूहळू पसरत होता.
खाली हात घातला त्याला धरायला,
बोटांना दगडाची गोल कड लागली,
एका बाजूला टवका उडालेली.
तो टवका मी ओळखतो.
पहारीनं मीच उडवला होता, सहा वर्षांचा असताना.
मार खाल्ला होता.

वाईच्या दवाखान्यात अकरा टाके पडले.
हवालदार पिसाळांनी लिहून घेतलं :
सदर इसम रक्ताच्या थारोळ्यात मिळून आला.
म्हटलं, साहेब, अगदी बरोबर लिहिलंत.
ते म्हणाले, असंच लिहितात.
म्हटलं, तसं नव्हे, थारोळं आमचंच आहे.
त्यांनी नुसतं बघितलं.
त्यांच्या वयाला थारोळं म्हणजे फक्त रक्ताचं.

कसं सांगायचं?
बैल धावेवरून उतरायचे, मोट वर यायची,
आणि त्या दगडी कुंडात मी उकिडवा बसलेला.
सगळी मोट धबाल्‌ डोक्यावर.
डोकं सुन्न व्हायचं, मी हसत सुटायचो,
बाप ओरडायचा, सरक बाजूला, पाट अडतोय.
त्या दगडावर पाणी डोक्यात पडायचं.
आता त्याच दगडावर डोकं पाण्यात पडलं.

दिवाळीनंतर कौस्तुभ परत आला,
केस वाढवून, टाके झाकून.
म्हणाला, काका, तुम्हीच सांगा, घालू का?
मी म्हटलं, तुझ्या डोक्याचं तू बघ.
मला दगडाचं बघू दे.

पाणी उतरताच बांबू रोवला थारोळ्यात,
टोकाला माझंच हेल्मेट, पाचशेवालं.
पोरं हसली, काकांनी दगडाला टोपी घातली!
हसू दे.
कौस्तुभ त्याला लांबून वळसा घालतो
आणि बोडक्यानंच घालतो.

पण कालव्याला पाणी सुटतं,
दर आठवड्याला तळ नव्यानं वर सरकतो.
मला एक थारोळं माहीत.
बाकी गावात सत्तर उंबरे होते,
दोन जाती, एक पार, देवळाची जोती.
कुठं काय आहे ते सांगणारे आता तिघं उरलोत.
त्यातल्या एकाला दिसत नाही,
एक मुलाकडं पनवेलला असतो.
आणि मला रविवारी
कधीकधी तापही असतो.