उतार

बाबा पॅटर्नमेकर. उद्यमबागेत तेहतीस वर्षं
सागवानात पंपांची पोटं कोरली त्यांनी.
वाळूत ठसा बसतो, लाकूड निघून जातं,
मागं उरते ती पोकळी.
पोकळी म्हणायचे बाबा,
इराप्पा मोल्डर म्हणायचा टोळ्ळु,
आणि दोघं मिळून तिच्यावरची फुंकर धरून ठेवायचे.

मीही पोकळ्याच करते.
गॅलियम आर्सेनाइडची पट्टी, अशा दीडशे
मावतील एका केसाच्या जाडीत.
तिच्यात भोकांची रांग, मधे जराशी जागा,
जागेत एक ठिपका.
उघड्यावर तो प्रकाश देतो
सवडीनं, कुणालाही.
कोंडला की घाई करतो,
आणि भिंती पक्क्या असतील तर
दिलेला कण परत येतो, ठिपका तो घेतो, पुन्हा देतो,
घेतो,
इतक्यांदा की कण कुणाचा
हे विचारण्यात अर्थ राहत नाही.

पण माझ्या भिंती गळत होत्या.
तीन आठवडे. आकडा नऊ हजारांवर अडलेला.
अनगोळात वीज गेली-आली, लॅपटॉप तापला,
आणि बाबा पाणी प्यायला उठले.
"काय करूलालीस गं एवढ्या रात्री?"
दाखवलं. चष्मा शोधला, वाकले.
"सगळं सरळसोट दिसतंय. उतार दिला नाहीस?
सरळ कडा वाळू फाडते.
हळूच निघावं लागतं बाई,
आत जातानाही हळूच."

तीनशे चाळीस, तीनशे सदतीस, तीनशे तेहतीस,
भोकं मधाकडं सरकवत गेले,
एकदम नाही, कुणाला धक्का लागू नये अशी.
पहाटे आकडा तीन लाख.

"झकास," बाबा म्हणाले. मग:
"पण बाहेर काढणार कशी?"

कास्टिंग साच्यातच राहिलं तर
त्याला कुणी पंप म्हणत नाही.
मी बसून राहिले.
मग उजवीकडची चार भोकं पुसली.
आकडा निम्म्याहून खाली घसरला.
घसरू दे.

जाताना त्यांनी सवयीनं खिशातून
आकसपट्टी काढली,
जिच्यावरचा प्रत्येक सेंटिमीटर खऱ्याहून
शंभरात एक मोठा,
लोखंड थंड होताना अंग चोरतं म्हणून.
ती पडद्याला लावली,
डोळा बारीक केला,
आणि मान हलवली,
जणू माप जुळलं.