प्रश्न चौदावा

एल आल्तोत जुलैच्या रात्री शाई गोठते,
म्हणून मी वह्या स्टोव्हजवळ तपासतो
आणि लाल पेन काखेत धरून ठेवतो अधूनमधून.

बेचाळीस वह्या. बेचाळीस वेळा तोच ठोकळा
त्याच घर्षणरहित टेबलावर
जातो आणि येतो, जातो आणि येतो.

चौदावा प्रश्न तेवढा माझा होता:
घरातली एखादी स्प्रिंग शोधा, वजन टांगा,
वीस आंदोलनांचा वेळ काढा,
आधी कागदावर, मग घड्याळावर.
बहुतेकांनी शोधलीच नाही.
फ्रेडी पाकोने गादीतली लिहिलीय,
एक आकडा खरा असेल तर शपथ.

योसेलिन लिमाचीने आईचा बटाट्याचा काटा घेतलाय.
पितळी नळी, वर कडी, खाली हूक,
शून्यापासून दहा किलोच्या रेघेपर्यंत
पंचवीस सेंटिमीटर, पट्टीने मोजून.
त्यावरून स्थिरांक.
सरबताच्या तीन बाटल्या, दोन-दोन लिटर पाणी: सहा किलो.
वर्गमूळ बरोबर. सूत्रातले दोन पाय विसरली नाही,
वर्गातली निम्मी मुलं तिथेच लंगडतात.
यायला हवेत साडेपंधरा सेकंद.

त्याखाली सोळा पूर्णांक चार.
खोडलंय.
पुन्हा सोळा पूर्णांक चार.
कागद इतका झिजलाय
की पलीकडचा तेरावा प्रश्न दिसतो आरपार.

समासात ती बारीक अक्षरात स्वतःशी भांडते:
आपण चार हजार मीटरवर, इथे जी कमी.
लगेच काट. स्प्रिंगला उंची कळत नाही, सर म्हणाले होते.
म्हणालो होतो खरं. लोलकाला कळते.
मग: घड्याळ? शेजारून दुसरं आणलं.
सोळा पूर्णांक चार.
मग पेन्सिल बराच वेळ नुसती टेकलेली असावी,
एक काळा ठिपका आहे, खोल.
मग: रेघ कितीवर आहे ते मी बघितलंच नव्हतं,
प्रश्नात विचारलं नव्हतं.
सहा किलो पाणी, आणि काटा साडेसहाच्याही खाली.
स्प्रिंग सैलावलीय. किलोमागे शंभर ग्रॅम.
किती वर्षांपासून, हे काढता येत नाही.

पुढे वहीत काही नाही.

मापात पाप म्हणतात.
ते तारेचं की हाताचं, हे सूत्रात येत नाही.

गुरुवारी बाजारात गेलो. पाच किलो मागितले.
दोन्या बासिलियाने पाटी अडकवली,
हूक खाली, वर, खाली, लहान लहान होत.
पुस्तकात आम्ही घर्षण नगण्य मानतो;
इथे ते नसतं तर रांग अंधार पडेपर्यंत उभी असती.
पाचवर थांबला.
मग तिने, भाव कसे चढलेत ते सांगत सांगत,
यापा घातला. सगळेच घालतात इथे,
गिऱ्हाइकाला झुकतं माप म्हणून, वरून हाताने:
एक, दोन, तीन. थांबली. चार, पाच.
शेजारची बाई दोनच घालते.
योसेलिन मागे पोत्यावर बसली होती.
माझ्याकडे नाही, बटाट्यांकडे बघत.
ओठ हलत होते.

शाळेत, मधल्या सुट्टीत,
प्रयोगशाळेच्या तराजूवर पिशवी ठेवली:
पाच किलो वीस ग्रॅम.
उतरवली. पुन्हा ठेवली.

आईला ठाऊक असेल?
की नुसत्या हाताला, आणि आईला नाही?
लाल शाईत मी एवढंच लिहिलं: एकक कुठे आहे?
एक गुण कापला, नऊ दिले.

वही घेताना ती घुटमळली.
सर, यापा कुठे लिहायचा?
‘दिलेले’मध्ये?

हो, म्हणालो, तिथेच.
आणि ग्रॅम लिही पुढे.