बारदान वजा

सांगलीत, जुन्या कोर्टामागच्या बोळात
माझं टायपिंगचं दुकान. पानाला पंधरा रुपये,
दुरुस्तीचे वेगळे. मिनिटांवर मी कधी
पैसे लावले नाहीत.

बाबगोंडा मगदूम रुमालात बांधून
पेन ड्राइव्ह घेऊन आले.
हळदीच्या पेठेत चाळीस वर्षं तोलाईदार,
नखांच्या कडा अजून पिवळ्या.
"नातवानं शिकवलंय टायपिंग.
शुद्धलेखन तेवढं बघा, ताई."

फाईल उघडली. सात ओळी.
सवयीनं माहितीची चौकट काढली :
संपादनाचा एकूण वेळ
दोन हजार तीनशे अठरा मिनिटं.

"हे काय वं?"
"तुम्ही यावर किती वेळ घालवला ते. मशीन मोजतं."
खुर्चीत मागं सरकून ते गप्प बसले,
काटा थांबायची वाट बघत बसावं तसे.

"मग बारदान वजा करा की.
फाईल उघडी टाकून मी दूध आणाय गेलो,
एकदा दाढी केली,
दोन रात्री तर बंद करायचंच ऱ्हायलं.
आमराईत फिरून आलो, ते पण धरलंय ह्यानं?"

"धरलंय."

बोटांच्या पेरांवर हिशेब सुरू झाला.
दूध वजा. दाढी वजा.
रात्रींच्या पेरावर अंगठा अडला.
"झोप न्हवती लागली तशी," म्हणाले.
"आन् आमराईत तरी डोक्यात दुसरं काय हुतं?
ऱ्हाऊ द्या. ढोबळच धरा."

मी वाचायला घेतलं.
चि. रायगोंडा यास, म्हणून सुरुवात.
धाकटा भाऊ, कुपवाडला असतो.
तुझ्या सुनंदाच्या लग्नाला मी आलो नाही.
चुक माझी.
मग म्हशीचं, मग गुडघ्याचं,
आणि शेवटी नुसतंच 'तुझा',
त्यापुढं कोरी जागा.

कुपवाड इथून रिक्षानं वीस मिनिटं.

सात ओळींत एकच अक्षर चुकलेलं : चु.
ऱ्हस्व उकार दीर्घ केला.
ते चष्मा सावरत पडद्याशी वाकले.
"वाढवली व्हय?"
"लिहायची पद्धतच तशी आहे, काका."
"असंल," म्हणाले, आणि सुटे पैसे
दोनदा मोजून काचेवर ठेवले.

ते गेल्यावर चौकट पुन्हा पाहिली.
दोन हजार तीनशे सव्वीस.
वरची आठ माझी,
त्यांच्यातून ती आता
निवडून काढता येत नाहीत.