चुंबळ

भट्टीला थंड पाणी लागतं
आणि नळाला ते आठव्या दिवशी येतं.
म्हणून बेगमपुऱ्याच्या बाजूने कौसाबाई
टेकडी चढतात, डोक्यावर हंडा,
लॅबच्या दारात दम खातात,
विचारतात, "आज काय शिजवताय?"

मोईन चाऊस काळी काच डोळ्यांवर ओढतो.
"गॅडोलिनियम, मावशी. रुथेनियम. सिलिकॉन."
तांब्याच्या वाटीत ठिणगीचा दांडा उतरतो,
निवल्यावर उरते बत्ताशाएवढी गोळी.
उलथायची, पुन्हा वितळवायची,
भाकरीसारखी, दोन्ही अंगांनी. पाच वेळा.

गॅडोलिनियमच्या अणूत सात इलेक्ट्रॉन
पार आतल्या खोलीत राहतात,
सातही एकाच दिशेला तोंड करून.
शेजारच्या अणूकडे त्यांचं येणंजाणं नाही.
तरी याची मान वळली की त्याचीही वळते.
कशी?

पाणचक्कीला पाणी येतं तशी.
लांबच्या झऱ्यातून, जमिनीखालच्या खापरी नळांनी,
वरून रिक्षा जातात, कुणाला पत्ता नाही.
इथे नळांतून धावतात धातूतले मोकळे इलेक्ट्रॉन
आणि निरोप सरळ देत नाहीत:
जवळच्याला, "माझ्यासारखा राहा."
पुढच्याला, "उलटा."
त्याच्या पुढच्याला, आवाज उतरवून,
पुन्हा, "माझ्यासारखा."
सगळ्यांचं सगळं कुणालाच ऐकता येत नाही.
मग जो तो थोडा थोडा वळतो.

माझं काम हे निरोप मोजणं.
फर्मी पृष्ठभागाच्या दोन कडा
घडीसारख्या एकमेकींवर कुठे बसतात
त्यावरून वळणाची लांबी: दोन नॅनोमीटर.
अकरा रात्री. तीनदा लाईट गेली.

न्यूट्रॉन टाकून बघावं, तर गॅडोलिनियम
न्यूट्रॉन गिळून गप्प बसतं.
शेवटी गोळीचा तुकडा मिठाईच्या डब्यात घालून
इंदूरच्या ट्रॅव्हल्सने पाठवला.
आलेख आला. वीस केल्विनच्या खाली
दोन टेस्लापाशी एक उंचवटा,
बोट फिरवलं तर लागेल न लागेल एवढा.
सरवदे मॅडम म्हणाल्या, "चूक असेल.
परत मोजायला सांग."

त्याच दुपारी कौसाबाईंनी हंडा उतरवला
आणि चुंबळ माझ्या वहीवर टेकवली.
जुन्या हिरव्या लुगड्याची, ओली,
गोल फिरत आत वळलेली.
मी तिच्याशेजारी बाण काढले:
कडेला वर, मधोमध खाली,
मधले सगळे प्रत्येक दिशेला
एकेकदा तोंड दाखवून वळलेले.

"हे सुटतं का?"
"ओढून नाही सुटत. कापावं लागतं."
"मग बरं बांधलंय कुणीतरी," त्या म्हणाल्या,
"माझी तर रोज सुटते,"
आणि ती झटकून पुन्हा पिळायला घेतली.

चुंबक, चुंबळ.
प्रबंधात हे लिहिता येणार नाही.
वहीवर मात्र ओलं वर्तुळ राहिलंय,
नेमकं त्या उंचवट्याच्या पानावर,
शाई थोडी फुटलेली.

दुसरं मोजमाप अजून आलेलं नाही.
आतून चाऊस ओरडतो,
"पाणी तापलं! अजून एक हंडा!"